चाळिसावा पाय

युसूफ उस्ताद परेड घ्यायचे ती डोळे मिटून.

नवीन पोरांना वाटायचं, म्हातारा उभ्या उभ्या डुलकी काढतोय. तसं नव्हतं भाऊ. चाळीस पोरांचा पाय एकदम जमिनीवर आदळला की तो आवाज ते कानात घोळवून पाहायचे. वाणी मूठभर तूरडाळ हातात घोळवतो ना, तसा. आणि खडा लागला की म्हणायचे, "एकोणचाळीस."

मग डोळे उघडायचे.

"बठ्ठासना पाय वाजनात. एक कथा गया?"

सगळ्यांचे वाजले, एक कुठं गेला, असं विचारायचे. उत्तर त्यांना माहीत असायचं. स्क्वॉडमधल्या पोरांनाही माहीत असायचं. तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा, नंबर अठ्ठावीस, कुंदन, मुक्काम रावेर तालुका.

धुळ्याच्या बाहेर हे राखीव दलाचं ट्रेनिंग सेंटर. नऊ महिन्यांचं ट्रेनिंग, आणि पहिले सहा महिने तर माणूस आपलं नाव विसरून फक्त नंबर होतो. उस्ताद मूळचे दोंडाईच्याचे. त्यांची कमांड हिंदीत, राग अहिराणीत, आणि समजावून सांगायचं असलं की मराठीत. पण समजावून सांगायची वेळ ते सहसा येऊ देत नसत, त्याआधीच रगडा लावायचे, म्हणजे दंड म्हणून अंग मोडेपर्यंत पळवायचे.

कुंदन बाकी कशात कमी नव्हता. पळण्यात पुढे. दोरावर माकडासारखा. पाठीवर वाळूची गोणी देऊन मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या तर बाकीची पोरं तोंडाला फेस आणून पडायची, आणि याच्या पाठीवरच्या गोणीला कळायचंसुद्धा नाही की आपण पळतोय. पण कदमताल म्हटलं की संपलं. गुडघा वर जायचा, चांगला कंबरेपर्यंत. तिथून पाय सपाट्यानं खाली यायचा. आणि जमीन चार बोटं राहिली की आपोआप थबकायचा आणि मग असा टेकायचा, जशी कोंबडी अंड्यावर बसते.

"अठ्ठाईस!" उस्ताद ओरडायचे. "मन्हा बाप पिंजारी व्हता. चार पिढ्या आम्ही गाद्या भरल्या. पण तुन्हाइतका मऊ माल आमच्या घरात कधी आला नाही."

आता यात पोराचा दोष नव्हता.

कुंदनचा बाप लोटनआबा केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. बारा माणसांची टोळी. रावेरकडे केळीचा घड बागेतून गाडीपर्यंत येतो तो माणसाच्या खांद्यावर. खांद्यावर कापसाची गादी, गादीवर तीस-पस्तीस किलोचा घड, आणि खाली काळी, ओली, पाय धरून ठेवणारी जमीन. त्यातून गडी असा चालला पाहिजे की घडातल्या एका केळ्यानं दुसऱ्याला धक्का मारायला नको. कारण दणका बसला तर त्या वेळी काही दिसत नाही. माल हिरवागार जातो. चार दिवसांनी दिल्लीच्या बाजारात पिकला की साल काळी पडते, आणि मग तिकडचा व्यापारी फोनवर रावेरच्या माणसाचं सगळं खानदान बाहेर काढतो.

म्हणून लोटनआबा नव्या गड्याला शिकवायचा त्याची एक पद्धत होती. गडी घड घेऊन पुढे, आबा त्याच्या मागे सात पावलांवर, हातात मातीची ढेकळं. गड्याचं पाऊल ऐकू आलं की ढेकूळ पाठीत. पाऊल ऐकू येणं बंद झालं की गडी तयार. कुंदननं चार वर्षं घड वाहिले, आणि शेवटी असा तयार झाला की दुपारी घरात आला तरी त्याची आई सुनंदाबाई चुलीपुढे दचकायची. "मेल्या, खाकरत तरी येत जाय," म्हणायची.

तर असा हा पोरगा. बापानं चार वर्षं मारून आवाज काढून घेतला, आणि आता उस्ताद नऊ महिने मारून तोच आवाज परत मागत होते.

उस्तादांनी उपाय कमी केले नाहीत. बुटाच्या टाचेला लोखंडी नाल ठोकून दिली. नाल ठोकल्यावर कुंदन जास्तच जपून पाय टाकायला लागला, फरशीला ओरखडा पडेल म्हणून. मग मेसच्या मागे एक जुना पत्रा टाकला आणि रोज संध्याकाळी त्यावर अर्धा तास कदमताल. दुसरा कोणी चढला असता तर पत्रा साक्रीपर्यंत ऐकू गेला असता. कुंदन चढला की पत्र्याखालचं मांजर झोपलेलंच राहायचं.

शेजारच्या खाटेवर जळगावचा आवेज होता. बाप फर्निचरवाला, पोरगा तोंडाळ, पण जीव लावणारा. त्यानं सांगितलं, "यार, तू असं समज की पायाखाली इंचू आहे."

कुंदननं दुसऱ्या दिवशी पायाखाली विंचू आहे असं समजून पाहिलं. कमांड झाली, एकोणचाळीस पाय आदळले, आणि अठ्ठावीस नंबर रांगेतून तीन फूट मागे उडी मारून उभा.

"हे काय?" उस्ताद म्हणाले.

"इंचू, उस्ताद."

"कुठं आहे?"

"नाही उस्ताद. समजला होता."

त्या दिवशी पूर्ण स्क्वॉडला रगडा लागला. आवेजनं सल्ले द्यायचे बंद केले.

रायफल हातात आल्यावर तर आणखी भर. बाकीची पोरं रायफल बराकीत आणून खाटेला टेकवायची. कुंदन आधी खाली काहीतरी अंथरायचा, मग दोन्ही हातांनी हळू निजवायचा. एकदा सफाईच्या वेळी उस्ताद आले तर याच्यापुढे मेसच्या मागून तोडून आणलेलं केळीचं पान, लांबलचक, आणि त्यावर रायफलीचे सगळे भाग ओळीनं मांडलेले.

उस्ताद पानापाशी आले.

"अठ्ठाईस, सत्यनारायण शे का?"

"नाही उस्ताद. गाडीत माल ठेवायचा तर खाली पान लागतं. सवय आहे."

उस्ताद निघून गेले. पण त्या दिवसापासून त्यांनी डोळे मिटायच्या आधी एक उसासा टाकायला सुरुवात केली.

अशात आठवा महिना लागला. कवायतीची परीक्षा आली महिन्यावर. परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब येणार. पास झाला तो पासिंग आउट परेडला उभा राहणार. नापास झाला त्याला पुढच्या बॅचबरोबर पुन्हा बसायचं, पुन्हा तोच पत्रा, पुन्हा तेच मांजर.

कुंदनला पत्र्याची भीती नव्हती. भीती होती रविवारच्या फोनची. रविवारी अर्धा तास मोबाईल मिळायचा.

"कुंदन्या," पलीकडून लोटनआबा ओरडायचा. फोन म्हणजे बागेच्या दुसऱ्या टोकाला हाक मारायची, असाच त्याचा समज. "आम्ही बठ्ठे येऊन राह्यलो तुही परेड पाहाले. पूर्ण टोळी. त्या दिवशी धुळ्याचाच माल धरला आहे. सकाळी मंडीत उतरवू आन् तीच गाडी घेऊन तुह्याकडे येऊ."

"आबा, अजून परीक्षा व्हायची आहे."

"ती तर होईनच. मोतीलालनं नवा शर्ट शिवला. तुही माय तर दोन दिवसापासून खापरावर मांडे करायची चर्चा करून राह्यली. उस्तादसाठी."

"आबा, मले जरा..."

"काय?"

"काही नाही. गाडी सावकाश आणजा."

असं म्हणून पोरगा फोन ठेवायचा. बारा माणसं, एक गाडी, एक नवा शर्ट, आणि परेडच्या मैदानावर आपण नाही. आपण दूर मेसच्या मागे पत्र्यावर. हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. जेवणात त्याचं लक्ष राहिलं नाही. आवेजला त्याच्या वाट्याची अंडी मिळायला लागली, तरी आवेज काळजीत, म्हणजे पाहा.

परीक्षेच्या आधी स्क्वॉडचा शेवटचा लांब मार्च होता, लळिंगच्या डोंगराकडे. पाठीवर पिट्टू म्हणजे सामानाची पिशवी, हातात रायफल, पुढे उस्ताद. वय त्रेपन्न, पण चढावर ते पोरांच्या पुढे. वर पोचल्यावर त्यांनी पोरांना पाणी प्यायला सांगितलं, स्वतः एका धोंड्यावरून बाटली उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

पोरांना वाटलं, काही शोधतायत. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

"उस्ताद?" आवेज म्हणाला.

"कोणी हात लावू नका," उस्ताद जमिनीकडे पाहून म्हणाले. "कंबर धरनी."

उसण भरली होती, आणि अशी भरली होती की श्वास घेतला तरी माणूस पांढरा पडत होता. सेंटरला फोन लावला. जीप यायला निघाली, पण जीप येणार खाली पायथ्याला. मधे दोन किलोमीटरची उतरण, सगळी धोंड्यांची.

पोरांनी दोन काठ्या आणि दोन जर्स्या घेऊन स्ट्रेचर केलं, शिकवलं होतं तसंच. चार तगडी पोरं लागली. उस्तादांना त्यावर ठेवलं. आणि भाऊ, आठ महिने ज्यांच्या हाडात कदम मिळवणं घातलेलं, ती पोरं. उचलल्याबरोबर चौघांचा डावा पाय एकदम पडला. धाड.

उस्ताद किंचाळले.

धाड. उजवा.

"आरे, पाय नका आपटा रे!"

पोरं घाबरली आणि घाबरल्यावर माणूस शिकवलेलंच करतो. आणखी जोरात. धाड, धाड. चौथ्या धाडीला उस्तादांनी स्ट्रेचरवरून हात जोडले. "बेटाहो, थम. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ठेवा मला खाली. मी इथंच रिटायर होतो."

ठेवलं खाली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. तेव्हा मागून कुंदन पुढे आला. पिट्टू काढून आवेजकडे दिला. जर्सी काढली, तिच्या चार घड्या घालून उजव्या खांद्यावर ठेवली, थोपटून बसवली.

"उस्ताद, मी नेतो. तुम्ही फक्त अंग सैल सोडा. घडासारखे."

"कशासारखं?"

"काही नाही. सैल सोडा."

त्यानं गुडघे वाकवून खांदा उस्तादांच्या पोटाखाली घातला, आणि कधी उचललं ते उस्तादांनाही कळलं नाही. ऐंशी किलोचा माणूस. एक हात त्यांच्या गुडघ्यामागे, आणि निघाला.

उतरणीवर एकोणचाळीस पोरं मागून येत होती, सगळ्यांच्या पायाखालचे दगड घरंगळत होते. कुंदनच्या पायाखालचा एक खडा हलत नव्हता. थोड्या वेळानं खांद्यावरून उस्तादांचा आवाज आला, उलटा लटकलेला.

"अठ्ठाईस, तू चाली राहिना का उभा शे?"

"चालतोय उस्ताद. अर्धं आलो."

"मंग मले कसं कळत नाही?"

कुंदन तसाच चालत राहिला.  आवेज अजून शपथेवर सांगतो की शेवटच्या पाव किलोमीटरात उस्ताद घोरत होते. उस्ताद म्हणतात, ते कण्हत होते.

पायथ्याला कोणा भाऊनं कांद्याला पाणी सोडलं होतं आणि पाणी फुटून वाटेवर आलं होतं. नडगीपर्यंत काळा गारा, नुसता चिखल. त्यातून कुंदन तसाच आला, जीपपाशी थांबला, मागच्या सीटवर पिट्टू अंथरायला लावले, आणि उस्तादांना असं उतरवलं की सीटची स्प्रिंगसुद्धा बोलली नाही.

मग मागे वळला. वाटेच्या कडेला एक चपटा दगड होता. कुंदन कोणाकडे न पाहता त्या दगडावर गेला, आणि पाय आपटला.

धाड.

डावा, उजवा, डावा. दगड हलला. बुटाला लागलेला गारा चारी बाजूला उडाला. कांद्यातले बगळे उठले.

जीपमध्ये निजलेले उस्ताद कंबर विसरून उठून बसले आणि मग कंबर आठवून किंचाळले. पण किंचाळता किंचाळता विचारलं, "कोन शे रे तो?"

सगळ्यांनी कुंदनकडे बोट केलं.

"इकडे ये. काय केलं आत्ता?"

"माती झाडली उस्ताद."

"अशी?"

"अशीच झाडतात आमच्याकडे. घड उतरवला, रिकाम्या खांद्यानं परत निघालं की गाडीपाशी एक दगड असतो, त्यावर पाय आपटायचे. नाही तर माती पायावर चढत जाते, दहाव्या चकरेला पाय उचलत नाही."

उस्तादांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, मराठीत बोलले. आता समजावून सांगायची वेळ आलेली होती.

"म्हणजे भार असला की आवाज नाही. भार उतरला की आवाज."

"हो उस्ताद."

"आणि माझ्या मैदानावर तुझ्या खांद्यावर कोणता भार आहे रे, बाबा?"

कुंदननं आपल्या खांद्याकडे पाहिलं. कधी विचारच केला नव्हता. चार वर्षं खांद्यावर घड घेऊन चालला, घड उतरवून भरतीला आला, पण खांद्याला कोणी सांगितलंच नाही की माल उतरला.

उस्तादांनी त्याच वेळी एक गोष्ट साफ केली. "तू मला आणलं, अल्ला तुझं भलं करो. पण पाठ माझी आहे, परेड सरकारची. मी तुला एक मार्कसुद्धा फुकट देणार नाही."

"नको उस्ताद."

मग चौदा दिवस उस्ताद कंबरेला पट्टा बांधून खुर्चीत बसले आणि कुंदनला नळाखालच्या चिखलातून काढून पत्र्यावर चढवायला लागले. बुटाला चिखल असला की पत्रा असा वाजायचा की मांजरानं घर बदललं. बूट कोरडे असले की पुन्हा कोंबडी. बारा दिवस झाले, तेरा झाले, यात फरक नाही. आणि परीक्षेला तर बुटात तोंड दिसलं पाहिजे, इतकी पॉलिश.

परीक्षेच्या दिवशी आधी बूट आणि कपडे तपासले. कुंदनचे बूट सगळ्यात चांगले निघाले. त्यानंतर स्क्वॉड मैदानाकडे वळला, आणि वळणावर पाहतो तर पाण्याचं डबकं. धूळ बसावी म्हणून सकाळी टँकर फिरला होता, आणि तो नेमका तिथंच खूप वेळ उभा राहिला होता. तिसऱ्या रांगेच्या वाटेत. युसूफ उस्ताद काठी टेकून दुसरीकडे पाहत होते. झाडावरचे पोपट मोजत असावेत.

कुंदनला समजलं. बाकीच्यांनी डबकं ओलांडलं, हा मधून गेला.

"कदमताल."

चाळीस पाय वर गेले, चाळीस पाय खाली आले. परीक्षक साहेब समोरून चालत येत होते, पांढरे हातमोजे, कडक इस्त्री. तिसऱ्या रांगेपाशी पोचले आणि त्याच वेळी अठ्ठावीस नंबरचा उजवा पाय तोफेसारखा पडला. एक काळा, ओला, आवळ्याएवढा गोळा बुटाखालून सुटला आणि साहेबांच्या गुडघ्यावर जाऊन बसला.

मैदान गप्प झालं. पोपटसुद्धा.

साहेबांनी गुडघ्याकडे पाहिलं. मग कुंदनच्या बुटाकडे. मग उस्तादांकडे. उस्तादांचे डोळे मिटलेले होते.

"नंबर?"

"अठ्ठावीस, साहेब."

साहेबांनी कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "पाय उत्तम. बूट गलिच्छ." मग रुमाल काढून पुढे गेले.

पास झाला. काठावर, पण झाला. आवेजनं मेसमध्ये त्याची अंडी परत केली.

तरी उस्तादांचं समाधान नव्हतं. पासिंग आउटच्या सकाळी त्यांनी कुंदनला बाजूला घेतलं. "आज डबकं नाही. साहेब मोठे येणार, टँकर माझ्या हातात नाही. आणि तुझ्या हातात रायफल आहे. तिला घड समजशील तर मी उभ्या मैदानात तुला मारीन."

"हो उस्ताद."

पण बूट कोरडे होते. स्क्वॉड मैदानात आला, बँड सुरू झाला. पहिल्या दोन कमांडना कुंदननं आपला पाय कसातरी बाकीच्यांच्या आवाजात लपवला. काठी टेकून कडेला उभ्या असलेल्या उस्तादांच्या कपाळावर आठी पडलेली त्याला दिसली.

तेवढ्यात कुंपणापलीकडे एक पिकअप येऊन थांबली. रावेरची नंबर प्लेट. टपावर, मागे, पायरीवर माणसं. टोळीतल्या मोतीलालचा नवा शर्ट, पोपटी. मधे डोक्यावर टोपी घातलेला लोटनआबा आणि मांडीवर डबा घेतलेली सुनंदाबाई. आणि त्यांच्यामागे गाडीचा हौदा मोकळा. केळीची चार वाळकी पानं लोंबत होती, बस. माल उतरला होता. धुळ्याच्या मंडीत सकाळीच उतरला होता.

गाडी रिकामी.

कुंदनच्या उजव्या खांद्याला काय वाटलं ते कुंदनलाच माहीत. कमांड झाली, आणि पाय गेला. कोरड्या बुटानं, कोरड्या मैदानावर. शेजारचा आवेज दचकला आणि त्याचं पाऊल चुकता चुकता राहिलं.

कडेला उस्तादांनी डोळे मिटले. कानात घोळवलं.

"चाळीस," म्हणाले. बाजूला कोणी नव्हतं, तरी म्हणाले.

परेड संपल्यावर टोळी आत आली. सुनंदाबाईनं आधी पोराला चाचपून पाहिलं, मग उस्तादांना मांड्यांचा डबा दिला. सगळे खुश. फक्त लोटनआबा गप्प. तो मैदानाकडे पाहत होता, जिथं चाळीस पोरांच्या टाचांनी जमिनीला खड्डे पाडले होते.

"काय झालं आबा? आवडली नाही?" कुंदननं विचारलं.

"चांगली होती," लोटनआबा म्हणाला. मग जवळ येऊन हळूच बोलला, उस्तादांना ऐकू जाऊ नये म्हणून, पण त्याचा हळू आवाज म्हणजे बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत. "पण काय आपटता रे तुम्ही. एक घड शाबूत राह्यला नसता. बठ्ठा माल डागी."

उस्तादांनी मांडा तोडता तोडता लोटनआबाकडे मान वळवली. "नाना, तुमच्या पोरानं मला डोंगरावरून खाली आणलं. दोन किलोमीटर. खांद्यावर."

लोटनआबानं उस्तादांना खालून वर, वरून खाली पाहिलं. वजनाचा अंदाज घेतला. मग मुकादमाच्या आवाजात, माल पोचल्यावर विचारतात तसं विचारलं, "उतरवल्यावर डाग?"

"एकही नाही," उस्ताद म्हणाले.

तेव्हा कुठं लोटनआबानं पोराच्या पाठीवर हात ठेवला.